चालवून बघणाऱ्या अक्का

देवपूरमधली खोली बघायला मी गेले तेव्हा अक्कांनी मला खोली दाखवलीच नाही. दारात उभं करून माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चालतील या. चल, आधी नदी बघू."

मी जळगावची, पिंप्राळ्यात वाढलेली. धुळ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. सकाळपासून खोल्या बघून जीव मेटाकुटीला आला होता. अक्कांनी माझ्या हातातली बॅग घेतली, वजनाचा अंदाज घेतला आणि ओसरीवर ठेवून दिली. "पुस्तकं दिसतात. कोणी नेत नाही," म्हणाल्या आणि निघाल्या. मला मागोमाग जाण्यावाचून इलाज नव्हता.

अक्का सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आयुष्यभर बाळंतपणाच्या वॉर्डात. मी गेले तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. उंच, काटकुळ्या, अंगावर इस्त्रीची सहावारी आणि पायात पुरुषी पांढरे कॅनव्हासचे बूट. काखेत छत्री. ही छत्री मी उन्हात किंवा पावसात कधीच उघडलेली पाहिली नाही. ती कुत्र्यांसाठी होती. घराच्या बैठकीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा असे, त्यामुळे येणारा माणूस उभाच राही. याचं कारण त्यांनी मला त्या पहिल्याच दिवशी सांगितलं.

"बसलेला माणूस ठरवून बोलतो. चालताना दम लागतो, तेव्हा बनवून सांगायला सवड नसते."

नव्या भाडेकरूला त्या नदीकाठी चालवून आणत आणि मगच खोली द्यायची की नाही ते ठरवत. वाट ठरलेली होती. घरातून निघून एकवीरा देवीच्या देवळापर्यंत, तिथून लहान पुलावरून पांझरा ओलांडायची, पलीकडच्या काठाने महादेवाच्या देवळापर्यंत जायचं आणि मोठ्या पुलावरून परत देवपुरात. शेवटी पुलाजवळच्या गाडीवर चहा. चहाआधी कुठेही टेकायचं नाही. याला त्या 'ड्युटी' म्हणत.

मला वाटलं होतं, बाई गावाची माहिती सांगतील. देवळापाशी आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "हे एकवीरेचं देऊळ. ते सगळेच दाखवतात. तू ही मागची पायरी बघ. नवस फेडायला आलेल्या बाईला इथे कळा सुरू झाल्या. मी दर्शनाला आले होते. देवीला आणलेलं लुगडंच खाली अंथरलं. मुलगी झाली. आता पोलिसात आहे ती."

लहान पुलावर एका रिक्षाचं पेट्रोल संपलं होतं, म्हणून तिथे एक मुलगा झाला होता. महादेवाच्या देवळाशेजारच्या पारावर जुळं. अक्कांच्या लेखी नदीकाठची प्रेक्षणीय स्थळं म्हणजे दवाखाना गाठता न आलेल्या बायांच्या जागा होत्या. पुढे माझ्याकडे पाहुणे आले की त्यांनाही त्या हीच स्थळं दाखवत. नाशिकहून आलेल्या माझ्या एका मैत्रिणीने नाक मुरडत विचारलं, "पण अक्का, नदीला पाणीच नाही की." त्यावर अक्का म्हणाल्या, "मग काय झालं? माणूस तरी रोज आंघोळ केलेलाच भेटतो का?"

पहिल्या दिवशी पूल उतरल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुला सगळ्यात जास्त राग कोणाचा येतो?"

मी थकले होते, भूक लागली होती. तोंडातून निघून गेलं, "आमच्या वडिलांचा, आप्पांचा. माझ्या वतीने सगळीकडे तेच हो म्हणून येतात."

"ठीक आहे," म्हणाल्या. चहा घेतल्यावर किल्ली माझ्या हातात दिली. खोली मी किल्ली मिळाल्यावर पाहिली.

सगळ्यांना किल्ली मिळत नसे. एकदा खालच्या खोल्या बघायला एक जोडपं आलं. नवरा कुठल्याशा ऑफिसात अधिकारी, बायको घरी, कडेवर दीडेक वर्षाचं पोर. अख्ख्या फेरीत पोर बायकोच्या कडेवर, आणि नवरा पुढे पुढे मोबाइलवर बोलत. चहा झाल्यावर अक्का त्याला म्हणाल्या, "खोल्या हिला देते. तुम्ही तुमच्यासाठी दुसरीकडे बघा." त्याला आधी ती गंमत वाटली. ती गंमत नव्हती हे कळल्यावर तो तावातावाने निघून गेला. बायको जाताना मागे वळून अक्कांकडे बघत होती. ते बघणं माझ्या लक्षात राहिलं आहे.

मी धुळ्यात रुळले तेव्हा आप्पांचा फोन आला. अमळनेरचं स्थळ होतं. मुलगा इंजिनिअर, जळगावला पाइपच्या कारखान्यात. घरात तो आणि आई, एवढीच माणसं. "माणसं चांगली आहेत. मी होकारासारखंच बोललोय," आप्पा म्हणाले. माझ्या कॉलेजात तोंडी परीक्षा चालू होत्या, रजा मिळेना. म्हणून मंडळीच धुळ्याला येणार असं ठरलं. रविवारी दुपारी आप्पा आले, मागोमाग मुलगा आणि त्याची आई. मी पोह्यांची तयारी करून ठेवली होती. अक्कांनी सगळ्यांना दारातच गाठलं.

"भाऊ, ताई, पोहे आल्यावर. आधी नदी बघून येऊ."

आप्पांचा चेहरा उतरला. मुलाच्या आईला काही कळेना. मुलगा मात्र म्हणाला, "चला की. अमळनेरला आमचं घर बोरीच्या काठालाच आहे. नदी म्हटलं की मला बरं वाटतं." आणि आमची वरात निघाली. देवीच्या देवळापाशी त्याच्या आईने हात टेकले. त्या आणि आप्पा पायरीवर बसले. पुढे अक्का, मी आणि तो.

सगळ्यात जास्त राग कोणाचा येतो, हा प्रश्न अक्कांनी त्यालाही विचारला. तो थोडा वेळ विचार करत चालला.

"तसा कोणाचाच नाही येत."

"कोणाचाच नाही?"

"नाही अक्का."

"हं," एवढंच अक्का म्हणाल्या.

तो माझ्याशी बोलत होता. वर्गातली मुलं काय विचारतात, मला धुळ्यात करमतं का, असं साधंच. महादेवाच्या देवळाशी आल्यावर माझ्या लक्षात आलं की तो पाय वाकडा टाकतोय. नवे कोरे काळे बूट होते. मी हळूच विचारलं, "बूट चावतोय का?"

"नाही, नाही. छान आहे."

अक्कांनी ते ऐकलं असणार. कारण त्या दिवशी आम्ही मोठ्या पुलावरून वळलो नाही. अक्का सरळ पुढे निघाल्या, स्मशानाच्या भिंतीपर्यंत. तिथे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. त्या आपल्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. तो मुकाट्याने आमच्याबरोबर चालला. चहाच्या गाडीशी आलो तेव्हा त्याने पाठ करून बूट काढला. मोजा टाचेशी रक्ताने भिजला होता.

अक्कांनी पिशवीतून कापूस आणि पट्टी काढली. त्याला बाकावर बसवलं, पाय आपल्या मांडीवर घेतला आणि धुतला. "एवढं लागलं तर बोलायचं नाही?"

"तुम्ही दोघी छान चालला होतात. माझ्यामुळे कशाला थांबायचं," तो म्हणाला आणि ओशाळून हसला.

त्या हसण्यावर मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच आप्पांचं आणि माझं मत एक झालं होतं.

मंडळी गेल्यावर अक्का माझ्या खोलीत आल्या. मी पोह्यांची कढई घासत होते. त्या म्हणाल्या, "नको म्हण."

"का पण? किती समजूतदार आहे तो. आपल्याला त्रास नको म्हणून एवढं सोसलं."

अक्का मूळच्या पिंपळनेरकडच्या एका खेड्यातल्या. एरवी माझ्याशी आमच्यासारखंच बोलत, पण मनातलं काही वर आलं की अहिराणी येई. "जो माणूस सोतानं दुखनं सांगस नही, तो तुनं काय ऐकी?"

"तुम्हाला माणसात खोटच दिसते अक्का. रागावणारा चालत नाही, न रागावणाराही चालत नाही. अशाने तुमच्या परीक्षेत पास कोण होणार?"

अक्का म्हणाल्या, "माझा जावई झाला होता."

अक्कांना मुलगी आहे हे मला माहीत होतं. सुरतेला असते, शिवणकाम करते, क्वचित फोन येतो, एवढंच. अक्कांचे यजमान मुलगी लहान असतानाच गेले होते, त्यामुळे तिचं लग्न अक्कांनीच ठरवलं. जावयाला त्यांनी याच नदीकाठी चालवलं होतं. तो रस्ताभर मोकळेपणाने बोलला, मुलीच्या पायात काटा गेला तर वाकून काढला, चहाचे पैसे स्वतः देऊ केले. मुलीच्या मनात धाकधूक होती. अक्का म्हणाल्या, मी माणूस ओळखते, तू हो म्हण. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याचा हात उठायला लागला. मुलगी फोनवर म्हणायची, बरं चाललंय आई. सहा वर्षं बरं चाललंय. अक्कांना कळलं ते शेजारणीकडून, मुलगी खांद्याचं हाड मोडून दवाखान्यात पडली तेव्हा. पुढे ती त्या घरातून बाहेर पडली, स्वतःच्या पायावर उभी राहिली, पण धुळ्याला काही परतली नाही.

"मी बाळंतिणीच्या चेहऱ्यावरून ओळखायचे, किती वेळ लागेल ते," अक्का म्हणाल्या. "पोटच्या पोरीचा आवाज ओळखू आला नाही."

मी हात पुसले. मग विचारलं, "एवढी मोठी चूक झाल्यावरही तुम्ही माणसं चालवून बघता?"

"मग काय बसवून बघू?"

मी अक्कांचं ऐकलं नाही. लग्न जळगावला झालं. अक्का येणार नाहीत असं वाटलं होतं, पण त्या एसटीने आल्या आणि मांडवात शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. नवरदेवाला त्यांनी आहेर दिला तो कॅनव्हासच्या बुटांचा. एक नंबर मोठे. "नवे बूट मोठेच घ्यावेत," एवढा एकच उपदेश त्यांनी त्याला केला.

मी बदली घेऊन जळगावच्या कॉलेजात आले, संसार मांडला. संसार चांगला होता. माझा नवरा घरकामाला मागेपुढे बघत नाही, आवाज चढवत नाही, आईला आणि मला दोघींना सांभाळतो. पण त्याच्या मनात काय आहे हे मला नेहमी अंदाजाने काढावं लागे. कारखान्यात वरिष्ठांशी खटका उडाला तर मला ते महिन्याने त्याच्या मित्राच्या बायकोकडून कळे. विचारलं की, "त्यात काय सांगायचं?" आजारी पडला तर बाथरूममध्ये जाऊन खोकणार. अशा वेळी मला अक्का आठवत आणि मी ती आठवण झटकून टाकी.

एका सकाळी तो जिन्यावरून पडला. उजवा पाय हलवता येईना. दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या. मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेली होती. डॉक्टरांनी मला विचारलं, "पायाला बधिरपणा कधीपासून होता?" मी नवऱ्याकडे बघितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "असेल दिवाळीपासून." होळी होऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं थांबला असतात तर पाय कायमचा गेला असता.

ऑपरेशन होईपर्यंत मी धीराने घेतलं. ते नीट पार पडल्यावर दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. त्याच्या पायासाठी रडत नव्हते. इतके महिने एका अंथरुणावर झोपून मला काहीच कळलं नव्हतं, याचं ते रडणं होतं. तिथूनच अक्कांना फोन लावला. वाटलं, आता त्या ऐकवणार. त्यांनी विचारलं, "कुठला पाय?"

"उजवा."

"बोटं हलतात?"

"हो."

"मग रडू नको. डॉक्टर प्रवासाला परवानगी देतील तेव्हा त्याला इकडे आण. हा घरात बसून बरा होणारा नाही."

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही धुळ्याला गेलो. मधल्या काळात पांझरेला मोठा पूर येऊन गेला होता, काठावरचा पार वाहून गेला होता, रस्ते नवे झाले होते. अक्काही वाळल्या होत्या. पण सकाळी उजाडायच्या आत छत्री घेऊन दारात हजर. उन्हं तापायच्या आत ड्युटी संपवायची होती.

पहिले काही दिवस फक्त गल्लीच्या टोकापर्यंत. मग देवळापर्यंत. अक्का त्याच्या उजव्या हाताला, मी डाव्या. अक्कांनी एकच नियम घातला होता. "दुखलं की बोलायचं. मनात नाही, तोंडाने."

पहिल्या दिवशी तो ओठ दाबून चालला. अक्का थांबल्या. "दुखतंय?"

"थोडंसं."

"मग बोल."

"दुखतंय," तो पुटपुटला.

"मला काय सांगतोस? तिला ऐकू गेलं पाहिजे."

रस्त्यावर दूधवाले होते, देवळात जाणाऱ्या बाया होत्या. माझ्या नवऱ्याचे कान लाल झाले. त्याने माझ्याकडे न बघता जरा मोठ्याने म्हटलं, "दुखतंय." आणि मग एकदम बांध फुटल्यासारखा बोलायला लागला. मांडीच्या मागून कळ येते, टाचेपर्यंत जाते, रात्री झोप लागत नाही, पडलो त्या दिवशी वाटलं आता आपण हिच्यावर ओझं होणार. देवीच्या पायरीशी उभं राहून तो हे सगळं सांगत होता आणि मी त्याचा दंड घट्ट धरून उभी होते. अक्का पाठ करून नदीकडे बघत होत्या.

आम्ही लहान पुलापर्यंत जायला लागलो तेव्हाची गोष्ट. पुलाचा चढ चढून अक्का कठड्याला धरून उभ्या राहिल्या. नवरा त्यांना म्हणाला, "अक्का, तुम्हीपण बोला."

"काय बोलू?"

"परवापासून तुमचा डावा पाय ओढला जातोय."

"मी नर्स आहे. पेशंट तू आहेस."

"नियम तुम्हीच केलाय ना? दुखलं की बोलायचं."

अक्का रागावल्या. खरोखरच रागावल्या. आम्हाला तिथेच सोडून एकट्या घराकडे निघाल्या, आणि पाठीमागून बघताना मला दिसलं की त्या एकच नाही, दोन्ही पाय ओढत होत्या. त्या दिवशी चहा झाला नाही.

दुपारी मी पाणी प्यायला खाली उतरले. बैठकीतून अक्कांचा आवाज आला. फोनवर बोलत होत्या, दाराकडे पाठ होती. "मना गुडघा भलता दुखतस वं," त्या म्हणत होत्या. "चार वरीस व्हयनात. तुले सांगं नही." मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिल्या. शेवटी अगदी बारीक आवाजात, "तू येशी का?"

मी पाणी न पिताच वर गेले.

अक्कांची मुलगी दोन दिवसांनी सुरतेहून आली. आईसारखीच उंच, केसांत बरंच पांढरं, डावा खांदा किंचित खाली. आल्या आल्या तिने औषधांचा डबा तपासला, आईचे गुडघे दाबून बघितले, डॉक्टरची वेळ घेतली. दोघी एकमेकींशी गोळ्या, गॅस सिलिंडर, सुरतेतला उकाडा यांवर बोलत होत्या. बाकी काही नाही. सुरतेला एक चांगले हाडांचे डॉक्टर आहेत, आईला तिकडे नेते, असं तिने ठरवून टाकलं. अक्कांनी मान डोलावली. अक्कांनी विरोध न करता एखादी गोष्ट मान्य केलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

निघायच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही दोघं तयार होऊन खाली आलो. अक्का म्हणाल्या, "आज तुम्ही घरी थांबा." आणि मायलेकी दोघीच गेल्या. ऊन चांगलं चढलं तरी पत्ता नव्हता. मी दोनदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन बघून आले. परतल्या तेव्हा दोघींचे डोळे रडून सुजलेले होते. मुलीने स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टाकल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना सुरतच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. नवरा खाली उभा राहिला, वजन उचलायचं नाही म्हणून त्याने सामान मला वर ठेवायला लावलं, आणि तसं स्पष्ट सांगून लावलं. अक्का खिडकीशी बसल्या. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून मुलगी खाली उतरून माझ्याजवळ उभी राहिली.

"सहा वर्षं मी आईला सांगितलं नाही," ती आपणहून म्हणाली. "सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, माझंच चुकलं. ते मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. काल पुलावर ती तेच म्हणाली."

"मग?"

"मग मी म्हटलं, हो आई, चुकलंच तुझं." तिने पदराने मानेवरचा घाम पुसला. "बराच वेळ उभ्या होतो. मग घरी आलो आणि जेवलो. पोटभर जेवली ती काल."

कंडक्टरने घंटी दिली. ती चढून आईशेजारी जाऊन बसली. गाडी वळेपर्यंत मी बघत होते. अक्का हात वगैरे हलवत नव्हत्या. मुलीकडे तोंड करून त्या काहीतरी सांगत होत्या, आणि मुलगी मान वाकवून ऐकत होती.